जमिनीवरचे उड्डाण : प्रस्तावना

फ्लाइंग क्लबमध्ये सेस्ना १७२ वर शिकलेला हौशी वैमानिक एफ-१६ च्या सिम्युलेटरमध्ये बसला, की पहिल्या काही मिनिटांतच त्याची पंचाईत होते. उजव्या हाताशी असलेली दांडी जवळजवळ हलतच नाही. मूळ रचनेत ती मुळीच हलत नसे; हाताचा दाब मोजून संगणकाला कळवणे एवढेच तिचे काम. पुढे तिला अगदी किंचित हालचाल देण्यात आली. आपल्या वैमानिकाला मात्र दांडी हलेपर्यंत जोर लावायची सवय. तो दाबतो, हाताला काही जाणवत नाही, म्हणून आणखी दाबतो, आणि तोवर समोरच्या घुमटाकार पडद्यावरचे क्षितिज उभे राहिलेले असते. घाईने उलटा जोर लावावा, तर विमान दुसऱ्या कुशीवर जाते.

हा केवळ नवखेपणाचा दोष समजू नये. २० जानेवारी १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर याच विमानाचा पहिला नमुना, वायएफ-१६, फक्त धावपट्टीवर वेगाने पळवून पाहायचा होता. ते अचानक उचलले गेले आणि डावी-उजवीकडे डोलू लागले. फिल ऑस्ट्राइकर हे कसलेले चाचणी वैमानिक. खाली टेकवण्यापेक्षा वर नेणेच सुरक्षित हे ओळखून त्यांनी उड्डाण केले आणि एक चक्कर मारून विमान सुखरूप उतरवले. अधिकृत ‘पहिले उड्डाण’ झाले ते त्यानंतर, २ फेब्रुवारीला.

हात, दांडी, संगणक आणि विमान यांच्यातला हा व्यवहार जमिनीवर कसा उभा करायचा, हा या पुस्तकाचा विषय. सिम्युलेटर जितका विमानासारखा तितका चांगला, असे आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. बांधणाऱ्याचे खरे कौशल्य काय वगळायचे हे ठरवण्यात दिसते.

या शास्त्राची सुरुवातच तशी झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधले हवेचे भाते वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये एक छोटे, डोलणारे विमान तयार केले. त्याचे मोल कळले ते १९३४ मध्ये. अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले. ढगांत आणि रात्री केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसल्याने एकामागून एक अपघात झाले, माणसे गेली. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे घेतली. त्या खोक्यात बसून झाकण लावले की बाहेरचे काहीच दिसत नसे, आणि शिकायचे होते तेही नेमके हेच. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक याच खोक्यांतून तयार झाले.

पुढची सगळी गंमत कानाच्या आतल्या, तोल आणि हालचाल ओळखणाऱ्या भागात आहे. प्रवासी विमानाचा सिम्युलेटर सहा पायांवर उभा असतो. धावपट्टीवर वेग घेताना पाठ खुर्चीत रुतते, ती जाणीव देण्यासाठी कक्ष हळूच मागे कलवतात; डोळ्यांना धावपट्टी सरळच दिसते, म्हणून मेंदू गुरुत्वाकर्षणालाच वेगवाढ समजतो. हे कलणे कानाला जाणवणार नाही इतके संथ हवे. लढाऊ विमानात ही युक्ती तोकडी पडते. वजन नऊपट झाल्याचा भार सहा पायांवरून देता येत नाही. म्हणून लढाऊ विमानांच्या अनेक सिम्युलेटरमध्ये हालचाल सोडूनच देतात, सारे बळ घुमटावरच्या चित्रावर लावतात, आणि तो भार सोसण्याची तयारी अपकेंद्री यंत्रावर वेगळी करून घेतात. आपल्याकडे ते बंगळूरच्या हवाई दलाच्या वैद्यक संस्थेत आहे. रडार, शस्त्रे, सहकाऱ्याशी समन्वय यांच्या सरावासाठी ही विभागणी मला योग्य वाटते. ढगात दिशाभ्रम कसा होतो हे मात्र न हलणाऱ्या खुर्चीत पुरते शिकवता येणार नाही.

आणखी एक गोष्ट वाचकाला चकित करील. सिम्युलेटरमध्ये मळमळण्याचा त्रास नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या वैमानिकांना अधिक होतो, हे १९५० च्या दशकापासूनच लक्षात येत गेले. ज्याच्या शरीराला खऱ्या विमानाची सवय आहे, त्यालाच डोळे आणि कान यांच्यातला बेबनाव जास्त खुपतो.

घरच्या संगणकावर चालणाऱ्या सिम्युलेटरना मी कमी लेखत नाही. २०११ मध्ये बाजारात आलेल्या ‘डीसीएस ए-१०सी’ची मुळे अमेरिकी एअर नॅशनल गार्डसाठी केलेल्या प्रशिक्षण-प्रणालीत आहेत. बटणांचा क्रम आणि आणीबाणीतल्या कृती पाठ करायला ते उत्तम. हाताचा अंदाज मात्र त्यावर बसत नाही.

धुळे-बारामतीला उड्डाण शिकणारे विद्यार्थी, नियंत्रणशास्त्राचे अभियंते, कान-मेंदूचे अभ्यासक आणि निव्वळ विमानांच्या ओढीने आलेले वाचक, या सर्वांचे इथे मनापासून स्वागत आहे. या विषयाला तुम्हा सगळ्यांची गरज आहे, कारण यातला कोणताही मोठा प्रश्न एकट्या शाखेला सुटलेला नाही. तिसऱ्या प्रकरणात गणित बरेच आहे. ज्यांना ते जड वाटेल त्यांनी आधी कानावरचे चौथे प्रकरण वाचावे आणि मग मागे यावे. समजण्यात काही अडणार नाही.