'चक्र' : एक कादंबरी, एक चित्रपट आणि एक फलक

१९८१ साली मी अकरा वर्षांचा होतो. परळहून लालबागला शाळेत पायी जाताना वाटेत 'चक्र' या हिंदी चित्रपटाचा भला मोठा फलक लागत असे. उघड्यावर स्नान करणारी स्मिता पाटील त्यावर रंगवलेली होती. आई सोबत असली की त्या बाजूला छत्री धरी, मग पाऊस असो वा नसो. एका रविवारी मिस्सामध्ये आमच्या वयोवृद्ध धर्मगुरूंनी त्या फलकावर कडक प्रवचन केले. ऐकणाऱ्यांपैकी कुणी चित्रपट पाहिला असेल असे वाटत नाही. त्यामागे एक मराठी कादंबरी आहे, हे तर आमच्या चाळीत कुणाच्या गावीही नव्हते.

ती कादंबरी जयवंत दळवी यांची. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे हे लेखक. 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने साहित्यिकांची थट्टा करणारे दळवी पुष्कळांना ठाऊक असतात. १९६३ साली 'चक्र' लिहिणारे दळवी मात्र निराळे आहेत. नवकथेने मराठी वाचकाला शहरातील मध्यमवर्गीयाच्या मनात नेले होते. दळवी त्याला गटार ओलांडून झोपडपट्टीत घेऊन गेले. तिथली भूक, वासना, दारू, रोगराई त्यांनी झाकली नाही आणि सजवलीही नाही. दोनच वर्षांनी भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर अश्लीलतेचे वादळ उठले, यावरून त्या काळच्या अभिरुचीची कल्पना यावी.

रवींद्र धर्मराज यांचा हा एकमेव कथाचित्रपट. 'पथेर पांचाली'चे कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी त्याचे कलादिग्दर्शन केले, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. गावाकडून परागंदा होऊन मुंबईला आलेली अम्मा, तिचा वाढत्या वयाचा मुलगा बेनवा, अधूनमधून येणारा ट्रकचालक, आणि बेनवाला आपल्या वाटेने ओढणारा लुक्का, अशी ही माणसे. लुक्का नसीरुद्दीन शाह यांनी केला. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि १९८१ साली लोकार्नोच्या महोत्सवात चित्रपटाला 'गोल्डन लेपर्ड' हा सर्वोच्च सन्मान लाभला.

मी तो पाहिला तो धर्मगुरू झाल्यावर, पुष्कळ वर्षांनी. ज्या दृश्याने इतका गहजब झाला ते पडद्यावर क्षणभराचे आहे. अम्मा उघड्यावर न्हाते, कारण तिला न्हाणीघर नाही. भिंती असत्या तर ते दृश्यच नसते. जाहिरात करणाऱ्यांनी नेमका तेवढाच तुकडा कापला, भोवतालची झोपडपट्टी वगळली आणि तो चौकाचौकांत टांगला. ज्या दारिद्र्याने अम्माला उघडे पाडले, त्याच उघडेपणावर तिकिटे विकली गेली. याला लज्जास्पद म्हणणारे आमचे वृद्ध धर्मगुरू चुकले, असे मी म्हणणार नाही. खुद्द स्मिता पाटील यांनीही अशा जाहिरातीबद्दल पुढे जाहीर नाराजी व्यक्त केली होती. या भूमिकेसाठी वस्त्यांत जाऊन तिथल्या बायकांना न्याहाळणारी, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ती मुलगी; १९८६ च्या डिसेंबरात अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली.

परंतु त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट मला अधिक सलते. चित्रपटाच्या अखेरीस बुलडोझर येतो आणि वस्ती जमीनदोस्त होते. १३ जुलै १९८१ रोजी, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवरील व झोपड्यांतील लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. झोपड्या मोडल्या गेल्या, माणसे बसमध्ये कोंबून शहराबाहेर नेली गेली. आमच्या शाळेच्या वाटेवरचीही काही खोपटी एके दिवशी नव्हती. ओल्या मातीत एक पत्र्याचा डबा आणि चुलीचे तीन दगड उरले होते. एवढे मला स्पष्ट आठवते. आईने त्या बाजूला छत्री धरली नाही. आणि पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारीही, प्रवचनात त्या खोपटांचा उल्लेख आला नाही. माणूस श्रमासाठी नसून श्रम माणसासाठी आहे, असे सांगणारे पोपमहोदय जॉन पॉल दुसरे यांचे पत्र त्याच सप्टेंबरात निघाले. ते मी वाचले सेमिनरीत, परीक्षेपुरते.

बेघरांची बाजू घेऊन पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला : उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच सामावलेला आहे. तरीही पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. झोपड्या ३१ ऑक्टोबरपर्यंत पाडू नयेत, एवढी सवलत दिली. मुंबईत तोवर पाऊस संपलेला असतो.