पुरानंतरचा रुपया

रानशेत हे डहाणू तालुक्यातले गाव. नावातच रान आहे आणि शेतही आहे. डहाणू-तलासरीकडच्या शेतकऱ्याचा संसार या दोहोंवरच उभा असतो. पावसाळ्यात भाताचे खाचर, उरलेल्या महिन्यांत रानातले लाकूडफाटा-गवत आणि जिथे मिळेल तिथे मजुरी. या संसारात एक दिवस ओढ्याचे पाणी शिरते. दोन दिवसांनी ते ओसरते. आपण म्हणतो, चला, संकट टळले! पण त्या घरचा खरा हिशेब तिथून पुढे सुरू होतो.

हा हिशेब आज आपण जरा इतिहासात मागे जाऊन पाहू या. पुरात बुडालेल्या शेतकऱ्याच्या हातात कोणी, केव्हा आणि कोणत्या अटीवर पैसा ठेवला, हा आजचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मदत किती मिळाली याइतकेच ती कर्ज म्हणून मिळाली की हक्काची म्हणून, आणि ती वेळेवर मिळाली की नाही, यावर त्या घराचे पुढचे वर्ष ठरते.

प्रथम नुकसान काय होते ते नीट समजून घेऊ. जुलैच्या आरंभी पूर आला तर लावणीसाठी वाढवलेले आवण वाहून जाते किंवा चिखलाखाली गाडले जाते. खाचराचे बांध फुटतात. कणगीतले उरलेसुरले भात भिजते. आता पुन्हा पेरायचे, तर बियाणे हवे. पेरणीची वेळ काही थांबून राहत नाही. आठ-पंधरा दिवस हातचे गेले की त्या वर्षाचे पीक गेले. पाऊस ऑक्टोबरात कोसळला तर कापून शेतात पसरलेल्या भाताला मोड येतात. म्हणजे पहिल्या संकटात पीक येण्याआधीच जाते आणि दुसऱ्यात ते तोंडाशी आलेले जाते. दोन्ही वेळा घरात धान्य नाही, हातात पैसा नाही, आणि कामाची निकड मात्र आजच्या आज आहे. अशा वेळी माणूस मिळेल त्या अटीवर उसने घेतो.

ही अट कशी असावी, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. 1676 साली शिवाजी महाराजांनी कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना एक पत्र पाठवले. पत्र पुरासंबंधी नाही, शेती वाढवण्यासंबंधी आहे. पण त्यातली दृष्टी आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. सुभेदाराने गावोगाव फिरावे, ज्याला शेती करण्याचे बळ आहे पण बैल नाहीत, दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्यावेत आणि पोटाला खंडी-दोन खंडी दाणे द्यावेत, असे ते पत्र सांगते. वसूल करताना वाढीदिढी लावू नये, मुद्दल तेवढे त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू घ्यावे. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च आला तरी हरकत नाही, असेही त्यात आहे. लारी हे त्या काळचे कोकणात चालणारे चांदीचे नाणे. गुरुजींनी वर्गात हे पत्र जरूर समजावून सांगावे. बैलाला रोख, पोटाला धान्य आणि व्याज नाही, एवढ्यात सारे आले.

इंग्रजी अमदानीत हा विचार मागे पडला. सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरावा लागे. पीक बुडाले की तो भरायला सावकार, आणि सावकाराचे व्याज भरायला पुन्हा सावकार. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, आणि हे लोण पुणे-नगर भागात पसरले. त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. 1883 साली जमीनसुधारणेच्या कर्जाचा आणि 1884 साली शेतकऱ्यांना बी-बियाणे, गुरे व संकटनिवारण यांसाठी कर्ज देण्याचा, असे आणखी दोन कायदे झाले. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असलेली 'तगाई' ती हीच.

तगाईने पुष्कळांना हात दिला, हे कबूल केले पाहिजे. पण ते कर्जच होते. ते थकले तर साऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. शिवाय ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच ते सहज मिळे. आता डहाणूच्या वारली शेतकऱ्याचे पाहा. त्याची जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली. पूर आला काय आणि दुष्काळ पडला काय, सरकारी तगाई त्याच्या झोपडीपर्यंत पोचायची कशी?

त्याच्यासाठी एकच दार उघडे होते, खावटीचे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खाण्यापुरते भात आणायचे आणि पीक आल्यावर दीडपट, कधी दुप्पट फेडायचे, ही ती खावटी. पीक बुडाले तर फेड पुढच्या वर्षावर जाई आणि तीही वाढून. धान्याने फिटेना, तेव्हा माणसाने अंगमेहनतीने फेडायचे. लग्नासाठी थोडीशी रक्कम घेतलेला तरुण आपल्या बायकोसह वर्षानुवर्षे मालकाच्या घरी राबत असे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या 1939 च्या अहवालात आदिवासींच्या या कर्जबाजारी गुलामीची आणि वेठीची नोंद सरकारदरबारी झाली. 1945 साली किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाने, डहाणू-उंबरगाव भागातले वारली उठले. त्यात गोळीबार झाला, माणसे मेली, पण वेठ आणि लग्नगडी ही पद्धत मोडली. गोदावरीबाईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

हे सारे मी सांगतो आहे ते अशासाठी की, दोन मण भात किंवा काही रुपये वेळेवर नसले तर माणसाला काय किंमत मोजावी लागते, हे या तालुक्यांइतके स्वच्छ फार थोड्या ठिकाणी दिसते. तिथे थोड्याशा पैशाची किंमत माणसाचे स्वातंत्र्य ही होती.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? 1948 चा कूळकायदा आला. 1957 च्या 1 एप्रिलला, कृषकदिनी, कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी देण्याची तरतूद अमलात आली. खावटीचे काम पुढे सरकारने आपल्याकडे घेतले. 1978 पासून आदिवासी कुटुंबांना पावसाळ्याच्या चणचणीत खावटी कर्ज देण्याची योजना चालली. सावकाराच्या दारातून माणूस सुटला ही मोठीच गोष्ट. पण 'कर्ज' हा शब्द राहिलाच. ते फिटत नसे, थकत असे, सरकारला ते माफ करावे लागे. योजना पुढे बंदही पडली.

मग 2020 साल उजाडले. करोनाच्या टाळेबंदीत मजुरी थांबली, आणि सरकारने खावटी एका वर्षापुरती पुन्हा सुरू केली. या वेळी मात्र ती संपूर्ण अनुदान म्हणून दिली. कुटुंबामागे 4000 रुपये. त्यांतले 2000 रुपये बँकेच्या किंवा टपाल खात्यात रोख आणि 2000 रुपयांचे धान्य-किराणा. रक्कम लहान होती आणि ती लोकांच्या हाती पोचायला वेळही लागला. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपून ठेवावी. ज्या शब्दाचा अर्थ पिढ्यानुपिढ्या 'दीडपट फेडायचे धान्य' असा होता, त्याचा अर्थ 'परत न करावयाचे पैसे' असा झाला.

पुराच्या मदतीतही असाच बदल झालेला दिसतो. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले. तेव्हा ग्रामीण भागातल्या बाधित कुटुंबाला 10,000 रुपयांची तातडीची मदत ठरली. त्यांतले 5000 रोख हातात आणि बाकीचे खात्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाने कोकणातले कापलेले भात कुजवले. नोव्हेंबरात राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी 8000 आणि फळबागांसाठी हेक्टरी 18,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, जाहीर केले. यांतला पैसा कर्ज म्हणून दिलेला नव्हता, मुद्दलही परत मागायचे नव्हते. सारा वसूल करणारे राज्य आता नुकसानीत वाटा उचलणारे झाले, असे म्हणायला हरकत नाही.

आता हिशेबाला बसू. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने आपत्तीच्या मदतीचे जे निकष घातले, त्यांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8500 रुपये होते, तेही नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर. शेतात साचलेला गाळ काढायला हेक्टरी 18,000. ओढकामाचा बैल दगावला तर 32,000. समजा, एक एकर भात असलेले एक कुटुंब आहे. एक एकर म्हणजे 0.4 हेक्टर. त्याला पिकाचे 3400 रुपये मिळतील.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पैशात काय होणार? गेलेले पीक त्यात भरून निघत नाही, हे खरेच. पण ते 3400 रुपये आठ दिवसांत हाती आले तर नवे बियाणे येते, नांगरटीचे भाडे निघते, आठवड्याचे मीठ-मिरची-तेल येते, तापलेल्या पोराला दवाखान्यात नेता येते. घरची शेळी पडत्या भावात विकावी लागत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वीटभट्टीच्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घ्यावी लागत नाही. पालघर-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवर उचल म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. एकदा उचल घेतली की दिवाळीनंतर सारे घर भट्टीवर जाते आणि पोरांची शाळा सुटते. शिक्षकबंधूंना वर्गातल्या रिकाम्या जागा पाहून हे ठाऊक असते. तेच 3400 रुपये चार महिन्यांनी आले तर? तोवर उचल घेऊन झालेली असते.

वेळेचे हे महत्त्व बाहेरच्या जगालाही पटले आहे. बांगलादेशात जुलै 2020 मध्ये जमुना नदीला मोठा पूर येणार असा अंदाज आला. तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाने पाणी पुरते चढण्याआधीच हजारो कुटुंबांना मोबाइलच्या खात्यावर प्रत्येकी 4500 टका पाठवले. नंतर पाहणी झाली. ज्यांना पैसे मिळाले त्या घरांत उपाशी दिवस काढण्याची पाळी कमी आली, असे तीत आढळले.

याचा अर्थ रोख पैसा हा सर्व रोगांवर औषध आहे, असा कोणी घेऊ नये. पाण्याने रस्ता तुटला असेल, दुकान बंद असेल, तर पहिल्या चार दिवसांत नोट खाता येत नाही. तिथे शिजवलेले अन्न, पिण्याचे पाणी आणि कोरडी जागाच हवी. जमीनच खरवडून गेली असेल तर बांध घालण्याचे सार्वजनिक काम हवे. रोख पैसा यांच्या मागोमाग यावा. बियाणे आधी की औषध आधी, हे मात्र त्या घरच्या बाईला आपल्यापेक्षा अधिक कळते. पैसा तिच्या हाती देण्यात तिच्या शहाणपणावरचा विश्वासही असतो.

अडचणी अजून आहेत. पंचनामा सातबाऱ्यावर चालतो. शेत चुलत्याच्या नावावर, कसणारा पुतण्या, तर पैसा कोणाला? वनहक्काच्या पट्ट्यावर पिकवणाऱ्याचे कागद तयार आहेत काय? 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला हक्क दिला, पण पंचनाम्याच्या दिवशी तो कागद हाताशी पाहिजे. बँकेचे खाते चालू आहे की बंद पडले आहे? पूर येण्याआधी, उन्हाळ्यातच, हे पाहून ठेवायला हवे.

तेव्हा गावकऱ्यांना एवढेच सुचवतो की, मे महिन्यातल्या ग्रामसभेत एक दिवस या कामाला द्यावा. ज्याचा फेरफार राहिला आहे, ज्याचे खाते बंद आहे, ज्याला वनपट्ट्याचा कागद मिळालेला नाही, त्याची यादी करावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून तीन शब्दांचे अर्थ विचारून आणायला सांगावे: खावटी, दिढी आणि तगाई. आजोबांनी दोन मण भातासाठी काय दिले, हे ज्या मुलाला कळेल, तो उद्या पंचनाम्याच्या वेळी आपल्या बापाचा कागद घेऊन पुढे उभा राहील.