पहिली रोड बाइक निवडताना : अनमोड घाट आणि जोयड्याचे रस्ते

मोले सोडल्यावर पणजी-बेळगाव महामार्ग अनमोड घाट चढू लागतो आणि चढ संपता संपता उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका लागतो. पुढे रामनगर, सुपा धरणाजवळचे गणेशगुडी आणि काळी व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य. गोमंतकीय सायकलस्वारांना हा परिसर सदैव खुणावत असतो. मात्र किनाऱ्यालगतच्या सपाट रस्त्यावर सुखाने धावणारी सायकल घाटात स्वाराचा कस पाहते. म्हणूनच पहिली रोड बाइक घेताना वेगाआधी चढ, उतार आणि पाऊस यांचा विचार व्हावा.

माप : सर्वप्रथम फ्रेमचे माप पाहावे. आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहिल्यावर दांडा आणि शरीर यांत दोन-तीन सेंटीमीटर तरी अंतर हवे. हँडल धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली राहावीत. सीट वर-खाली करता येते. पण मुळातच मोठी असलेली फ्रेम लहान करता येत नाही. स्वस्त मिळाली म्हणून चुकीच्या मापाची सायकल घेतल्यास मान, कंबर आणि गुडघे त्याची किंमत मोजतात.

गिअर : पुढचे लहान चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे चक्रही ३४ दात्यांचे असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकही एकच फेरा घेते, म्हणजे सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. शर्यतीच्या जुन्या सायकलींवर पुढे ३९ आणि मागे २५ दाते आढळतात. तेथे प्रत्येक फेऱ्यात सुमारे सव्वातीन मीटर अंतर ओढावे लागते. नवशिक्याला अनमोड घाटात हा फरक पहिल्याच वळणावर जाणवतो. जुनी सायकल घेताना दाते मोजूनच व्यवहार करावा.

ब्रेक : चढणारा दमला तर थांबू शकतो, उतरणाऱ्याला मात्र ब्रेकवरच भिस्त ठेवावी लागते. चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक पावसात उशिरा पकड घेतात. डिस्क ब्रेक ओल्या रस्त्यावर अधिक भरवशाचे ठरतात. अवजड वाहनांची वर्दळ असलेल्या महामार्गावर त्यासाठी थोडा अधिक खर्च करणे योग्यच.

टायर आणि फ्रेम : २३ मिलिमीटरचे अरुंद टायर खडबडीत रस्त्यावर हादरे देतात. २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर बसतील एवढी जागा फ्रेममध्ये असावी. पहिल्या सायकलीसाठी अॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा पुढचा चिमटा हा मध्यम खर्चाचा समतोल आहे. पोलादी फ्रेम वजनदार, पण टिकाऊ असते.

सोबतचे साहित्य : अनेक रोड बाइकच्या ट्यूबना बारीक, प्रेस्टा पद्धतीचा वॉल्व असतो, गावातील नेहमीचा पंप त्याला बसत नाही. म्हणून जोडतोटी, छोटा पंप आणि दोन ट्यूब जवळ बाळगाव्यात. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांचा खर्च सायकलीच्या किमतीतच धरावा. अरण्यातील रस्त्यावर वन्यप्राण्यांचा वावर असल्याने परतीचा प्रवास उजेडातच संपवावा.

पैसे देण्यापूर्वी अर्धा तास सायकल चालवून पाहावी आणि त्यात एखादा चढ-उतार अवश्य असावा. दुकानातील चकाकीपेक्षा त्या चढ-उताराचा कौल अधिक विश्वासार्ह असतो.