जुळ्या भावांचीं मुलें

नागपूरच्या पश्चिमेस कळमेश्वर-काटोलकडे संत्र्याच्या बागा आहेत. तेथें झाड सहसा बीं पेरून वाढवीत नाहींत. निवडक मातृवृक्षाचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरून कलम करतात. एकाच वृक्षाचे डोळे दोन बागांत गेले, एकास कसदार जमीन व दुसऱ्यास हलकी मिळाली, तर झाडें लहानमोठीं होतील. जात मात्र एकच राहील. एका फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मास येणारीं समरूप जुळीं याच प्रकारचीं होत. दोन निरनिराळ्या बीजांचीं जुळीं सामान्य भावंडांइतकींच जवळचीं असतात.

जुळ्यांच्या आधारें निसर्ग व संगोपन यांचा वाद सोडविण्याचा प्रयत्न इंग्लंडांत फ्रान्सिस गॅल्टन यानें १८७५ सालीं केला. प्रश्नपत्रिका पाठवून त्यानें माहिती जमविली आणि निसर्गच बलवत्तर असें ठरविलें. निष्कर्ष घाईचाच म्हणावयाचा, कारण एका घरांत, एका पंक्तीस वाढलेल्या जुळ्यांत निसर्ग कोठें संपतो व संगोपन कोठें सुरू होतें, हें कोण सांगणार? जर्मन त्वग्रोगतज्ज्ञ झीमेन्स यानें १९२४ सालीं समरूप व भिन्नबीज जुळ्यांची तुलना करण्याची पद्धति मांडली. पण कांहीं प्रश्नांच्या उत्तरासाठीं जुळ्यांच्या मुलांकडेच वळावें लागलें.

समरूप भावांचा बीजगत वारसा एकच असल्यामुळें त्यांपैकीं एकाच्या मुलास चुलता हा बीजदृष्ट्या बापाइतकाच जवळचा असतो. सामान्य चुलत भावंडांत सरासरीनें एक-अष्टमांश वारसा समान असतो. यांच्यांत तो एक-चतुर्थांश, म्हणजे सावत्र भावंडांइतका होतो. समरूप जुळीं दोघे भाऊ किंवा दोघी बहिणी असतात. तेव्हां त्यांचीं मुलें एकमेकांचीं चुलत किंवा मावस भावंडेंच होणार. महाराष्ट्रांतील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत तिचें विवेचन केलें आहे. चुलत व मावस मात्र भावंडेंच मानलीं जातात. रूढीला हें शास्त्र अवगत होतें असें समजण्याचें कारण नाहीं; तिनें जुळ्यांचा वेगळा विचार केलेलाच नाहीं.

स्किझोफ्रेनिया या मनोविकाराविषयीं डेन्मार्कमधील संशोधन अधिक बोलकें आहे. समरूप जुळ्यांपैकीं एकास विकार जडला, दुसरा निरोगी राहिला. दोघांच्याही मुलांत विकाराचा संभव शेंकडा सुमारें सतराच आढळला. गॉट्समन व बर्टेलसन यांनीं १९८९ सालीं हें प्रसिद्ध केलें. निरोगी भावानें विकाराचें बीज स्वतः प्रकट न करतां पुढें दिलें, असा त्याचा अर्थ त्यांनीं लावला. कुटुंबें थोडीं होतीं, आणि त्याच वर्षींचा नॉर्वेतील निकाल इतका स्पष्ट नव्हता. शिवाय शंभरांतील त्र्याऐंशीं मुलें सुटतात, हेंही याच आंकड्यांत आहे. चुलत्याचें वेड ऐकून स्थळ मोडणारे तेवढें वाचीत नाहींत.

समरूपताही निरपवाद नव्हे. आइसलंडमधील संशोधकांनीं २०२१ सालीं जुळीं, त्यांचे आईबाप, जोडीदार व मुलें यांचा वारसा ताडून पाहिला. गर्भावस्थेच्या आरंभींच पडलेले सरासरीनें पांच-सहा फरक जुळ्यांच्या जोडींत निघाले. त्यांतील कोणते बीजांत उतरले, हें ओळखण्यास त्यांच्या मुलांचीच साक्ष घ्यावी लागली.