आत्मगुप्तेचे मोजमाप

आयुर्वेदातील एखाद्या वनस्पतीविषयी वाद निघाला की आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, हे सारे चरकाला ठाऊकच होते. दुसरा म्हणतो, हे सारे ऐकीव आहे. दोघेही ग्रंथाविषयी बोलतात, रोग्याच्या रक्ताविषयी कोणीच बोलत नाही. पोटात गेलेल्या औषधापैकी किती रक्तात उतरले आणि किती वेळ टिकले, या प्रश्नाला मुंबईच्या उपनगरांत एक इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनीही तो पाहावा असे आम्हांला वाटते, कारण जुना पाठ कसा वाचावा हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

जोगेश्वरीच्या लेण्यांकडून उत्तरेला निघाले की पुढचे उपनगर गोरेगाव. सिबा या स्विस कंपनीने १९६३ साली तेथे संशोधन केंद्र उघडले. भारतीय वनस्पतींशी या कंपनीचा संबंध जुना होता. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील सर्पगंधेचा अनुभव १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि १९५२ साली सिबाच्या बाझलमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. पुढे सिबा-गायगी झालेल्या कंपनीच्या याच केंद्रात, १९७० च्या दशकात, डॉ. अशोक वैद्य यांनी आणखी एका वनस्पतीकडे लक्ष वळवले. ती म्हणजे कुहिली.

कुहिलीचा वेल कोकणात आणि सह्याद्रीत सर्वत्र दिसतो. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो, म्हणून ती खाजकुहिली. संस्कृतात तिला कपिकच्छू म्हणतात, आणि आत्मगुप्ताही: स्वतःचे स्वतःच रक्षण करणारी. चरकसंहितेत ती वाजीकरणाच्या योगांत येते. वातविकारांच्या यादीत कंपासाठी ‘वेपथु’ हा शब्दही तेथे आहे. या दोन गोष्टी जोडून ‘कंपवातावरचा उपाय आपल्याला आधीच ठाऊक होता’ असे म्हणण्याचा मोह अनावर असतो.

प्रत्यक्ष जोडणी फार नंतरची आहे. वालाच्या जातीच्या एका शेंगेतून लेव्होडोपा हे द्रव्य १९१३ साली वेगळे झाले. कुहिलीच्या बियांतून ते दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली मद्रासमध्ये मिळवले. त्या वेळी त्याचा उपयोग कोणालाच माहीत नव्हता. पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत डोपामिन कमी पडते हे १९६० साली कळले. तोंडाने मोठी मात्रा दिल्यास रोगी हालचाल करू लागतो, हे कॉट्झियास यांनी १९६७ साली दाखवले. मोठी मात्रा लागते, कारण बहुतेक लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोचण्याआधीच आतड्यात आणि रक्तात मोडून जाते. ही गळती थांबवण्यासाठी गोळीत कार्बिडोपा घालतात.

डॉ. वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी कुहिलीचे चूर्ण पार्किन्सनच्या रोग्यांना दिल्याचा वृत्तान्त १९७८ साली ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त आला. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर कुहिली, लेव्होडोपा आणि ब्रोमोक्रिप्टिन यांचा परिणाम ताडून पाहणारा निबंधही आला. चूर्णातले द्रव्य अंगी लागते की नाही, याची साक्ष आता ग्रंथाऐवजी शरीराकडून घेतली जात होती. झंडूने तयार केलेल्या चूर्णाची साठ रोग्यांवरील बारा आठवड्यांची चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली.

रक्तातील पातळीचा सविस्तर हिशेब मात्र लंडनमध्ये २००४ साली झाला. आठ रोग्यांना ३० ग्रॅम चूर्ण आणि नेहमीची गोळी आळीपाळीने देण्यात आली. चूर्णाचा गुण सरासरी ३५ मिनिटांत आला, गोळीचा ६९ मिनिटांत. रक्तातील कमाल पातळी चूर्णाने ११० टक्क्यांनी अधिक चढली. येथे उत्साही वाचक थांबतो. आम्ही आणखी एक आकडा वाचू. चूर्णात लेव्होडोपा १००० मिलिग्रॅम होते, गोळीत २००. म्हणजे मात्रा पाचपट. पण गोळीत कार्बिडोपा होते, चूर्णात नव्हते. कार्बिडोपामुळे मात्रा सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आणता येते. त्या हिशेबाने दोन्ही साधारण बरोबरीची ठरायला हवी होती. प्रत्यक्षात रक्ताला मिळालेले एकूण लेव्होडोपा चूर्णाने अडीचपटीहून अधिक भरले. बियांत आणखी काही साहाय्यक असावे, ही शंका येथून येते. आठ रोगी आणि एकेक मात्रा एवढ्यावर ती शंकाच राहते, सिद्धान्त होत नाही.

आता ग्रंथाकडे परत येऊ. वानरी गुटिकेसाठी बिया दुधात शिजवून, साल काढून घेतात. भिजवल्या-शिजवल्याने लेव्होडोपा घटते आणि दुधातील प्रथिने त्याच्या शोषणात वाटेकरी होतात. लेव्होडोपाच जर त्या कर्त्यांचे उद्दिष्ट असते, तर ही कृती उलटीच म्हणावी लागेल. याने त्यांचे अज्ञान सिद्ध होत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता, इतकेच सिद्ध होते. आपला प्रश्न त्यांच्या तोंडी घालणे हा आदर नव्हे, तो चुकीचा अन्वय होय.

तरीही कुहिलीकडे बोट दाखवले ते परंपरेनेच. मात्रा ठरवली ती मोजमापाने. बाजारातल्या कवचबीजाच्या पुडीत लेव्होडोपा किती, हे न जाणता ती घेणारा कंपवाताचा रोगी आजही ग्रंथाच्या भरवशावर असतो, आणि त्याने घेतलेल्या गोळीत त्या पुडीची भर किती पडली हे त्याच्या डॉक्टरलाही कळत नाही. आत्मगुप्तेचे गुपित तिच्या नावात नव्हते, लवेतही नव्हते. ते रक्ताच्या नमुन्यात सापडले आणि अजून पुरते उलगडलेले नाही.