डर्ट बाइकचा एअर फिल्टर: धुवायचा कधी, बदलायचा कधी?

लिंबागणेशहून मांजरसुंब्याकडे डांबरी रस्त्याने गेलात तर गाडीला विशेष काही होत नाही. पण तीच गाडी शेताच्या मुरमाड वाटेने घातली आणि पुढे खडीचा टिप्पर असला, की दहा मिनिटांत भुवया पांढऱ्या होतात. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तर धुळीत भुसकटही असतं. आपण तोंडाला रुमाल बांधतो. गाडीचा रुमाल म्हणजे एअर फिल्टर.

हा रुमाल किती काम करतो बघा. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लीटर पेट्रोलचं वजन ७४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हवा झाली जवळपास ११ किलो. आकारमानात मोजली तर ९ हजार लीटरच्या वर! उन्हाळ्यात गावात येतो तो पाण्याचा टँकर डोळ्यासमोर आणा. प्रत्येक लीटर पेट्रोलमागे तेवढी धुळकट हवा त्या तळहाताएवढ्या फिल्टरमधून जाते.

आधी फिल्टर ओळखा

सगळा घोळ इथेच होतो. मोटोक्रॉससारख्या अस्सल डर्ट बाइकला फोमचा म्हणजे स्पंजचा फिल्टर असतो. त्याला चिकट तेल लावलेलं असतं, धूळ त्या तेलाला चिकटते. तो धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो. आपल्याकडच्या नंबरप्लेटवाल्या गाड्यांना मात्र बहुतेक वेळा कंपनीतून कागदी फिल्टर येतो. त्यातही दोन प्रकार आहेत, कोरडा कागद आणि तेलात भिजवलेला कागद. तेलाचा कागदी फिल्टर ना धुवायचा, ना हवा मारायची. तो भरला की थेट बदलायचा. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक नसेल तर कंपनीच्या साइटवरून पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, त्यात प्रकार लिहिलेला असतो.

माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने कागदी फिल्टरला जोरात हवा मारून घेतली. धूळ उडाली, मी खूश. पण कागदाला घडीच्या आत बारीक चीर पडली होती आणि ती मला दिसलीच नाही. काही महिन्यांत गाडी निळसर धूर सोडायला लागली, ऑइल कमी व्हायला लागलं, आणि शेवटी बोअर-पिस्टनचं काम निघालं. दोनशे-तीनशे रुपयांचा फिल्टर वाचवायला गेलो आणि नव्या फोनचे पैसे इंजिनात घातले. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते लोखंडालाही ओरखडतात. सिलिंडरमध्ये गेले की पॉलिश पेपरसारखं काम करतात.

कोरडा कागदी फिल्टर असेल आणि पुस्तकात परवानगी असेल, तरच हलकी हवा मारा, तीही आतून बाहेर. मग अंधारात फोनचा टॉर्च आतल्या बाजूने धरा. कुठे ठिपक्यासारखा थेट उजेड दिसला तर फिल्टर गेला समजा.

फोमचा फिल्टर धुताना

आधी सीट किंवा साइड पॅनेलच्या आसपासची धूळ ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर झाकण उघडताच तीच आत पडेल. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. कुठला स्क्रू कुठे होता हे नंतर आठवत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. फिल्टर निघाला की इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात लगेच स्वच्छ कापड घाला. त्या नळीच्या आतून एकदा बोट फिरवा. बोटाला माती लागली तर धूळ फिल्टरला चकवून आत जात होती, म्हणजे फिल्टर फाटलाय किंवा कडेने नीट बसला नव्हता.

धुवायला फिल्टर क्लीनर उत्तम. पेट्रोल अजिबात नको. ते फोमचे जोड सोडवतं, आणि भडका उडायला एक ठिणगी पुरते. रॉकेल त्यामानाने बरं, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि त्या तापमानाला रॉकेलची वाफही पेट घेऊ शकते. म्हणून सकाळी, उघड्यावर आणि चुलीपासून लांब. नंतर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवा. पिळायचा नाही, पिळला की फोम फाटतो. सावलीत पूर्ण वाळू द्या.

वाळल्यावर फिल्टर ऑइल लावा. हातमोजे घाला, ते तेल सहज निघत नाही. सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत मुरवा आणि जास्तीचं दाबून काढा. इंजिन ऑइल पातळ असल्यामुळे खाली निथळतं. अडीअडचणीला चालेल, पण त्यावर पावसाळा काढू नका. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर द्या आणि चारी बाजूंनी बोट फिरवून फट नाही ना ते बघा.

किती दिवसांनी?

डर्ट बाइकचा फोम प्रत्येक धुळीच्या फेरीनंतर. दोन फिल्टर ठेवले तर काम सोपं होतं, एक तेल लावून पिशवीत तयार. डाकारसारख्या रॅलीत तर मुक्कामाच्या ठिकाणी रोज फिल्टर बदलतात. फोम ठिसूळ झाला, तुकडे सुटायला लागले किंवा जोड उघडला तर धुण्याच्या फंदात पडू नका, नवा टाका. कागदी फिल्टरसाठी पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात, पण ते साध्या रस्त्याचे. धुळीत लवकर बदला असं तिथेच खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही.

गाडीही इशारा देते. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल जास्त होतं. प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घसरतं. २०२० पासूनच्या बीएस-६ इंजेक्शन गाड्यांत ईसीयू पेट्रोल सांभाळून घेतो, त्यामुळे लक्षणं उशिरा दिसतात. फक्त चढाला पिकअप मेल्यासारखा वाटतो. फाटलेल्या फिल्टरमध्ये मात्र उलटं होतं, गाडी उलट मोकळी पळते. माझीही पळत होती.

नवा घेताना जुन्यावरच्या पार्ट नंबरचा फोटो दुकानदाराला दाखवा, आणि बसवल्यावर मीटरच्या रीडिंगचा एक फोटो काढून ठेवा.