रणशिंगाला मिळालेली सुटी

कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हें लहानसें गांव आहे. गांवाच्या पाठीशीं सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि त्या भिंतींत नाणेघाटाची खिंड आहे. सातवाहनांच्या काळीं कोंकणच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल ह्याच वाटेनें वर चढत असे. अशा ठिकाणीं, कड्याच्या पायथ्याशीं, कोणी शिंग फुंकलें तर कडा तो नाद जसाच्या तसा परत करतो. हांक एकाची आणि ओ साऱ्या डोंगराची!

शिंग, कर्णा, तुतारी हीं वाद्यें अशा डोंगराळ मुलुखांत फार जुन्या काळापासून नांदलीं. परंतु त्यांचें काम मनोरंजनाचें नव्हतें. सैन्याची कूच, पालखीचें आगमन, लग्नाची मिरवणूक, असा कोणताही प्रसंग घ्या. शिंगाचें सांगणें एकच असे, की उठा, सावध व्हा, वाट द्या. केशवसुतांनीं १८९३ सालीं 'तुतारी' ही कविता लिहिली, तेव्हां निजलेल्या समाजाला जागें करण्यासाठीं त्यांना वीणा आठवली नाहीं, तुतारीच आठवली. हुकूम देणारें हें वाद्य पुढें खेळूं कसें लागलें, ही कथा मोठी मनोरंजक आहे.

प्रथम ह्या वाद्याची घडण पाहिली पाहिजे. शिंगाला बासरीप्रमाणें भोकें नसतात आणि पेटीप्रमाणें पट्ट्याही नसतात. ती केवळ धातूची नळी. वादक ओठ आवळून फुंकतो आणि ओठांचा ताण वाढवून स्वर चढवितो. पण नळी आपल्याला मानवतील तेवढेच स्वर देते. लष्करी बिगुलाचे सारे इशारे अवघ्या पांच स्वरांत बसविलेले असतात: षड्ज, पंचम, तार षड्ज आणि त्यावरचे गांधार व पंचम. नीट पाहतां हे सा, ग आणि प एवढे तीनच स्वर होत. रिषभ नाहीं, मध्यम नाहीं. म्हणून बिगुलावर बहुतेक राग निघत नाहींत. हुकुमाला एवढे स्वर पुरतात, गाण्याला पुरत नाहींत.

हा बिगुल मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. जी पलटण पुढें मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून प्रसिद्धीस आली, तिचा इतिहास १७६८ सालापासून सांगतात; तिचें केंद्र बेळगांवास आहे. लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई रांग मोडून दूरदूर पसरून लढत. त्यांच्यापर्यंत तोंडचा हुकूम पोंचत नसे, म्हणून बिगुल वाजे. आणि म्हणूनच अशा पलटणींच्या बिल्ल्यावर बिगुलाचें चिन्ह आलें. किती मराठी घरांतील तरुणांचा दिवस त्या पांच स्वरांनीं उगवला आणि त्या पांच स्वरांनींच मावळला!

युरोपांत १८१८ सालीं ह्या नळीला कळा बसविण्याच्या युक्तीचें पेटंट प्रशियांत घेतलें गेलें. कळ दाबली की वारा नळीच्या जादा वळणांतून फिरतो, नळी लांबते आणि वगळलेले स्वर सांपडतात. तीन कळांच्या ट्रंपेटवर सारें सप्तक वाजूं लागलें. हुकुमाच्या वाद्याला गातां येऊं लागलें.

ही गाणारी तुतारी आपल्याकडे रुजविली ती मुख्यत्वें गोमंतकानें. तेथील चर्चच्या पाठशाळांतून गांवोगांवच्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्याचें शिक्षण मिळत असे. आपल्या परंपरेंत विद्या गुरुमुखांतून शिष्याच्या कानांत जाते, आणि एका गायकाच्या रागविस्ताराला तेंच योग्य आहे. पण दहा वादकांनीं एकाच क्षणीं दहा निरनिराळे स्वर काढावयाचे असतील, तर समोर लिहिलेला कागद लागतो. तो वाचण्याचें कसब घेऊन गोमंतकीय वादक मुंबईस आले आणि पोलीस बँड, हॉटेलें, सिनेमा ह्यांतून पसरले.

त्यांतलेच एक हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. १९१६ सालीं जन्मलेले हे ट्रंपेटवादक 'चिक चॉकलेट' ह्या नांवानें ताजमहाल हॉटेलांत गाजले. नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, ह्यांच्याशीं त्यांची गांठ पडली. वैशाखऱ्यावरून जाणारा रस्ता घाट चढून ज्या नगरास पोंचतो, तोच हा जिल्हा. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत भगवानदादा नाचले, त्या गाण्यांत तुतारीनें हुकूम सोडून ठेका धरला, आणि त्या तालावर गिरणगांवापासून खेड्यापर्यंत माणसें डोलूं लागलीं. परंतु त्या काळच्या सिनेमाच्या नामावळींत अशा वाजविणाऱ्यांचीं आणि स्वर लिहिणाऱ्यांचीं नांवें क्वचितच झळकत. ज्यांच्या श्वासावर गाणें उभें होतें, ते बहुधा निनांवीच राहिले.

ह्याच सुमारास, १९५४ सालीं, अमेरिकेंत लीरॉय अँडरसन ह्यांनीं तीन ट्रंपेटांसाठीं एक छोटी रचना लिहिली. तिच्या नांवाचा अर्थ 'बिगुलवाल्यांची सुटी'. जगभरच्या बँडमंडळ्यांची ती लाडकी आहे. मागें क्लॅरिनेट, बासऱ्या व ताशे धांवत असतात आणि पुढें तिघे ट्रंपेटवाले उभे राहतात. जीभ 'तु-कु, तु-कु' असे बोल इतक्या जलद काढते, की तबलजीच्या बोटांची आठवण व्हावी. बिगुलाची ती जुनी ललकारी येथेंही ऐकूं येते. पण ती कोणाला उठवीत नाहीं, कोणाला थांबवीत नाहीं. अडीच मिनिटें ती नुसती बागडते.

मौज अशी, की ज्या सा, ग, प ह्या स्वरांना एकटा बिगुल एकामागून एक वाजवितो, तेच स्वर तिघांना एकदम वाजवितां येतात. पाश्चात्त्य स्वरमेळाचा पाया तोच. मात्र ह्या सुटीला एक अट आहे. तिघांपैकीं एकाची जीभ केसभर पुढें गेली की मेळ फुटतो. पूर्वीं शिंगवाला सरदाराचा हुकूम पाळी. येथें सरदार उरला नाहीं, पण शेजाऱ्याचा श्वास पाळावा लागतो. ही शिस्त वरून लादलेली नसून आनंदासाठीं आपखुशीनें पत्करलेली आहे.

लग्नसराईंत खेडोपाडीं बँड येतो, तेव्हां त्यांतही ट्रंपेट असतो आणि वऱ्हाडी त्यापुढें नाचतात. एखादे वेळीं त्याच मांडवाच्या दारीं शिंगही फुंकलें जातें. एकाला कळा आहेत, एकाला नाहींत. परंतु दोन्ही नळ्यांतून निसर्गानें दिलेले सा, ग, प तेच. वैशाखऱ्याच्या कड्यालाही त्यांत भेद दिसावयाचा नाहीं. तो हुकमाला ओ देईल, तशीच सुटीलाही देईल.